मुंबई हायकोर्टाचा फोटो नीट कुठून येतो?

भटक्या: जुन्या कोर्टांच्या इमारतींचे फोटो काढायचा नाद लागलाय, आता मुंबई हायकोर्ट करायचंय पण समोर उभं राहिलं की फ्रेममध्ये मावतच नाही. काय करू?

मैदानवाला: ओव्हल मैदानात जा, चारनंतर, ती बाजू पश्चिमेला आहे म्हणून ऊन थेट दगडावर येतं. झाडं मधे येणारच. झूम असेल तर माथ्यावरचे न्याय आणि दया हे पुतळे सोडू नको.

रेघोट्या: आत कॅमेऱ्याला परवानगी लागते हां. म्हणजे तो खांबावर कोरलेला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला माकड-न्यायाधीश नुसता बघायचा 😄

भटक्या: भारी! इमारत १८७८ची ना?

मैदानवाला: हो, फुलर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने आराखडा केलेली. शेजारचा राजाबाई टॉवरपण उरकून घे.