मध्ययुगीन इंग्लंड: चर्चने उतरंड घट्ट केली की सैल?

पोथीनिष्ठ
‘बाप्तिस्मा सगळ्यांना एकच, म्हणून चर्चमुळे उच्चनीच सौम्य झालं’ हे मला पटत नाही. बांधील कूळ (जमीनदाराच्या जमिनीला जखडलेला शेतकरी) मेलं की सर्वांत चांगलं जनावर हेरियट म्हणून जमीनदार न्यायचा. उरलेल्यातलं चांगलं मॉर्च्युअरी म्हणून पाद्री. कारण? जिवंतपणी बुडवलेला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा हिस्सा. खरंच बुडवला होता का, याची चौकशी नाही! जमीनदार मठच असेल आणि पॅरिशचं (गावच्या चर्चच्या हद्दीचं) उत्पन्नही त्याच्याकडे असेल, तर दोन्ही जनावरं एकाच गोठ्यात.

खडीसाखर
दशमांश जमीनदाराच्या पिकावरही होता, हे विसरताय. आणि वर चढायला चर्चखेरीज दुसरी वाट कुठे होती? रॉबर्ट ग्रोसटेस्ट सामान्य घरातला, १२३५ मध्ये लिंकनचा बिशप झाला. तलवारीच्या जोरावर असा चढलेला कुळाचा पोर दाखवा.

पोथीनिष्ठ
त्या वाटेवर फाटक होतं. ११६४ च्या क्लॅरेंडनच्या कलमांतलं (चर्चबाबत राजाने घातलेल्या नियमांतलं) सोळावं वाचा: कुळाच्या मुलाला जमीनदाराच्या संमतीशिवाय पाद्रीपदाची दीक्षा नाही. पुढे तर मुलाला शाळेत घालण्याच्या परवानगीसाठीही बापाकडून पैसे घेतल्याच्या नोंदी जहागिरीच्या दप्तरांत सापडतात.

घाटावरचा
दोघेही पाद्री आणि मठ एकाच पोत्यात घालताय. मठाने पॅरिश ताब्यात घेतली की धान्य-गवताचा मोठा दशमांश मठाकडे. गावात राहणाऱ्या ‘विकार’ला, म्हणजे मठाच्या वतीने पॅरिश सांभाळणाऱ्या पाद्र्याला, बहुधा कोकरं, अंडी, भाजीपाला असा किरकोळ. म्हणजे उतरंड चर्चच्या आतही होती. मठ जमीनदार म्हणून चिवट, कारण तो मरत नाही, त्याचं दप्तर जळेपर्यंत एकही हक्क विसरला जात नाही. सेंट ऑल्बन्सचा मठ घ्या. घरी जात्यावर दळलं की मठाच्या गिरणीची दळणावळ बुडते, म्हणून मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डने लोकांची जाती जप्त केली आणि त्यांच्या दगडी तळ्या मठाच्या दालनात फरशीसारख्या बसवल्या. (खगोलीय घड्याळ बांधणारा हाच तो.) १३८१ च्या शेतकरी बंडात लोकांनी त्या उखडल्या, फोडल्या, आणि चर्चमध्ये रविवारी वाटल्या जाणाऱ्या मंतरलेल्या पावासारखे तुकडे वाटून घेतले.

खडीसाखर
वाटून घेण्याची रीत चर्चचीच ना? बंडाचा प्रचारक जॉन बॉलही पाद्रीच.

पोथीनिष्ठ
आणि त्याच बंडात लंडनमध्ये शिर उडालं ते कँटरबरीच्या आर्चबिशपचं.

घाटावरचा
तो आर्चबिशप, सडबरी, त्या वेळी राजाचा चान्सलर (मुख्य मंत्री) ही होता. राग पोल टॅक्सचा, म्हणजे माणशी बसवलेल्या कराचा होता. खजिनदार रॉबर्ट हेल्सलाही त्याच दिवशी मारलं.