जड ते बुडतं म्हणाले, आणि नारळाने तोंडघशी पाडलं

खाडीकाठची बाई
देवगड तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवते. सोमवारी वर्गात बादली ठेवली आणि सवयीने बोलून गेले, ‘जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं.’ सध्या मासेमारी बंद, जाळी घरात पडून. मंगळवारी दुसरीतला एक मुलगा खिशात जाळ्याचं शिसं आणि काखेत असोला (न सोललेला) नारळ घेऊन हजर. दोन्ही बादलीत सोडली. ‘बाई, शिसां इतक्यां बारीक, ता बुडलां. नारळ जड, तो खय बुडलो?’ पोरं हसली, मीही हसले, पण उत्तर सुचेना. घनता हा शब्द सांगून सहा-सात वर्षांच्या पोराच्या पदरात काय पडणार? कोणी वर्गात करून पाहिलं असेल तर सांगा. व्हिडिओ नकोत, शाळेत रेंज नाही.

निवृत्त मास्तर
बाई, शब्द राहू द्या, आधी हाताला कळू द्या. बूच लावलेली रिकामी बाटली बादलीत दाबायला सांगा. पाणी हात वर लोटतं, ते पोरांना लगेच जाणवतं. मग स्टीलची वाटी: सरळ ठेवली की तरंगते, आडवी सारली की तळाला. वाटी तीच, वजन तेच! तरंगत्या वाटीत एकेक शिंपली टाकायची, कितव्या शिंपलीला बुडेल ते आधी वदवून घ्यायचं. माझा सगळा तास पैजेतच जायचा.
शिशाचं म्हणाल, तर तुमच्यासाठी: तेवढ्याच आकाराचं पाणी घेतलं तर शिसं त्याच्या ११ पट भरतं. नारळ मात्र आपल्याएवढ्या पाण्यापेक्षा हलका. पोरांना एवढंच विचारा, ‘एवढं मोठं असून वजन किती?’

भातवाला
आमच्याकडे हे दर पेरणीला होतं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भाताचं बियाणं. पोचट दाणे वर, भरलेले खाली. वरचे काढून टाकायचे, खालचे चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवून पेरायचे. मीठ अशासाठी, की अर्धवट भरलेले दाणे साध्या पाण्यात बुडून फसवतात. वर्गात मूठभर भात न्या. पोरांच्या घरी हे बघितलेलं असतं, फक्त शाळेत कोणी विचारत नाही.

खाडीकाठची बाई
वाटी केली. ११ शिंपल्या. पैज पहिलीतल्या मुलीने जिंकली.
पण नवीन पंचाईत. एकीने जांभ्याचा तुकडा आणला: ‘ह्येका भोकां आसत, ह्यो तरंगतलो.’ बुडाला.

निवृत्त मास्तर
वा! बुडताना बुडबुडे आले का बघितलंत? भोकं उघडी, वारा बाहेर, पाणी आत. शिवाय दगड आकाराच्या मानाने मुळात जडच. नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीत, वारा अडकून बसतो. काथ्यासाठी सोडणं कुजवताना वर दगड ठेवतात, उगाच नाही.

खाडीकाठची बाई
बुडबुडे आले. सगळे बादलीवर इतके वाकले की एकाची टोपी पाण्यात पडली. आधी तरंगली, भिजली, मग खाली गेली. ते काही मी ठरवलं नव्हतं.
नारळ बादलीतच ठेवलाय, तोही भिजून कधी बुडेल हे बघायला. फळ्यावर पैजा लिहिल्यात, सगळ्यात लांबची ‘गणपतीपर्यंत’. आज तिसरा दिवस, तरंगतोय.