तण्हा म्हणजे तहान की तृष्णा?

वैनगंगा
आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी मुलांना चार आर्यसत्यं समजावून सांगायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. दुसऱ्या सत्यापाशी गाडी अडते. 'दुःखाचे कारण तृष्णा' हे मुलं पाठ करतात आणि विसरतात. या वेळी मी म्हटलं, तृष्णा म्हणजे तहान. एका मुलीने लगेच विचारलं, "उन्हातून आल्यावर लागते तशी?" हो, तशीच! सगळा वर्ग जागा झाला. निघताना मात्र एका वडीलधाऱ्या उपासकांनी थांबवलं, "तहान म्हणू नका ताई, अर्थ खालावतो."

मला वाटतं, अर्थ खालावत नाही, मुळावर येतो. संस्कृतात तृष्णा, पाली-प्राकृतात तण्हा, जुन्या मराठीत तान्ह, आज तहान. 'ष्ण'चा 'ण्ह' होणं ही जुनी मळलेली वाट आहे. कृष्णाचा कान्हा झाला, उष्णाचं ऊन झालं, तशीच ही. बुद्ध लोकांच्या बोलीत बोलले. तण्हा ऐकून शेतकऱ्याला आधी स्वतःचा घसाच आठवला असणार. तोच शब्द आपण पुन्हा संस्कृतात नेऊन मुलांच्या हाती देतो. धम्मपदातल्या तण्हावग्गाला 'तहानेचा वर्ग' म्हटलं तर काय बिघडलं?

जुनी_पोथी
बिघडतं. पहिलं प्रवचन सारनाथला पाच परिव्राजकांपुढे झालं, शेतकऱ्यांपुढे नाही. त्यांना या शब्दाचा गूढ अर्थ ठाऊक होता. आणि मूळ एक असलं म्हणून अर्थ एकच राहतो असं थोडंच आहे? मराठीने एका मुळाचे दोन कप्पे केले, देहाला तहान आणि मनाला तृष्णा. तहान लागते आणि भागते. तांब्याभर पाणी पोटात गेलं की विषय संपला. तृष्णा भागवायला जावं तर ती वाढतेच. "मला तृष्णा लागली" असं आपल्या घरात कोणी म्हणतं का? भाषेने जपलेला हा फरक तुम्ही पुसून टाकताय.

वैनगंगा
कप्पे एवढे पक्के नाहीत हो. ज्ञानाची तहान देहाची असते का? रक्ताला तहानलेला माणूस पाणी मागत नसतो. आणि उलट बाजूने बघा, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तृष्णेवर वेगळा अध्याय आहे. तो सुकलेल्या घशाचा आहे, लोभाचा नाही. वैद्याची तृष्णा देहात आणि आपली तहान मनात, मग कप्पे राहिले कुठे?

सीमेवरचा
मी जत तालुक्यातला, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. कानडीत तहानेला बायारिके म्हणतात, म्हणजे तोंड वाळणं. आपण घशाला कोरड पडली म्हणतो तेच. तृष् धातूच्या मुळाशीही हे वाळणंच आहे. फारसी तिश्ना, जर्मन दुर्स्ट, इंग्रजी थर्स्ट ही सगळी त्याच घरची भावंडं.

हिंदीने मात्र वेगळी वाट धरली. प्यास आली पिपासेतून, आणि पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा. तिथे इच्छा शब्दातच बसलेली आहे. आपल्या तहानेत आधी कोरडेपणा आहे, इच्छा नंतरची. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. मुलांना 'तुमच्या आत काहीतरी वाळतंय' असं सांगितलं तर 'हाव सोडा' यापेक्षा लवकर कळेल. म्हणून माझं मत ताईंच्या बाजूने.

रानफूल
मग तान्हं बाळ पण यातलंच का? सतत दुधाची तहान म्हणून तान्हं?

जुनी_पोथी
नाही. ऐकायला जुळतं, पण ते 'तर्णक'शी जोडतात. अमरकोशात तर्णक म्हणजे नुकतंच जन्मलेलं वासरू. नुसता आवाज जुळला की नातं लावायचं, हीच चूक वर मोठ्या शब्दाबाबत होतेय असं मला वाटतं.

पाणवठा
मी महाडचा. व्युत्पत्तीचा वाद तुमचा तुम्ही मिटवा, माझी हरकत वेगळी आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं. ज्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, तिथे आमच्या आज्या-पणज्यांना मनाई होती. त्यांची ती तहान दुःखाचं कारण नव्हती. दुःखाचं कारण पाणी अडवणारे होते.

वैनगंगाताई, तुमच्या वर्गातल्या मुलांनी 'तहान सोडायची असते' असं ऐकून घरी जाऊ नये. तहान हा हक्क आहे. सोडायची ती तृष्णा. दोन शब्द आहेत ते बरं आहे.

वैनगंगा
दादा, तुमचं वाचून कालपासून काही लिहिता आलं नाही. हे माझ्या मनात यायला हवं होतं.

कोपऱ्यातली
मी नुसती वाचत होते, पण एक सांगते. माझी आई वर्षभर सारखी पाणी प्यायची. रात्री उशाशी तांब्या, पहाटे तो रिकामा. आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे. पावसाळा आला तरी तेच. शेवटी रक्त तपासलं तेव्हा मधुमेह निघाला. साखर लघवीवाटे पाणी ओढून नेत होती, म्हणून ती जितकं प्यायची तितकी कोरडी पडायची. आई म्हणायची, "पाणी पोटात जातंय, तहानेपर्यंत पोचतच नाही."

जुनी_पोथी काका, तुम्ही म्हणता तहान भागते. आमच्या घरात ती वर्षभर भागली नव्हती.

जुनी_पोथी
हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. 'तहानेचा वर्ग' मला अजून पटत नाही. पण 'न भागणारी तहान' म्हणाल तर माझी हरकत उरत नाही.

पाणवठा
माझी थोडी उरते. आधी महाड सांगा, मग दुसरं सत्य.

वैनगंगा
तसंच करते. या रविवारी चवदार तळं. कोपऱ्यातली, त्यानंतरच्या रविवारी तुमच्या आईचं वाक्य मुलांना सांगितलं तर चालेल का?