इंजिनिअरिंग सोडून शिक्षक व्हायचंय, बी.एड.बद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय २७, मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात ५ वर्षं झाली. पगार वेळेवर होतो, तक्रार काही नाही, पण मन तिथे रमत नाही.

रविवारी सोसायटीतल्या वॉचमनकाकांच्या मुलीला गणित शिकवतो. अपूर्णांकांवर अडली होती. एकदा भाकरीचे चार, मग आठ तुकडे करून दाखवले. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "दादा, खालचा आकडा वाढला की तुकडा लहान होतो!" त्या रात्री मला झोप लागली नाही. हेच काम करायचंय.

नियम वाचलेत. विज्ञान-गणितासह बी.ई. आणि ५५ टक्के असतील तर बी.एड.ला प्रवेश मिळतो, त्यासाठी सीईटी द्यावी लागते, कोर्स २ वर्षांचा. २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे बी.एड.वर पहिली ते पाचवी शिकवता येत नाही, म्हणून सहावी ते आठवीचा विचार आहे. त्यासाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागेल.

कुणी इंजिनिअरिंगनंतर बी.एड. केलंय का? अध्यापन पद्धतीत (बी.एड.मध्ये जे विषय शिकवायला शिकतो त्यांत) गणित-विज्ञान मिळालं का? शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर अर्ज करताना बी.ई.मुळे अडचण आली का? आणि ती २ वर्षं घर कसं चालवलंत? बाबा निवृत्त झालेत, दरमहा ११ हजारांचा हप्ता आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.