ताकोत्सुबोनंतर इको नॉर्मल आला, तरी आईला एवढा थकवा का येतो?

प्रश्न : कलमबाग_देवगड

नमस्कार. माझी आई ६४ वर्षांची असून देवगड तालुक्यातील आमच्या गावी राहते. वैशाखात तिचा धाकटा भाऊ अचानक वारला. ती बातमी कळल्यावर थोड्याच वेळात तिच्या छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला आणि धाप लागली. जवळच्या दवाखान्यात काढलेल्या ईसीजीत हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल दिसले, म्हणून आम्ही तिला गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला नेले. तेथे अँजिओग्राफीत एकाही रक्तवाहिनीत अडथळा आढळला नाही; इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र डाव्या खालच्या कप्प्याचे टोक हालतच नव्हते आणि इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ३५ टक्के होते. निदान ताकोत्सुबो कार्डिओमायोपॅथी, म्हणजे तीव्र ताणामुळे हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा आजार, असे झाले.

दीड महिन्यानंतरच्या इकोत हाच आकडा ६० टक्के आला आणि हृदय पूर्ववत झाल्याचे आम्हांला सांगण्यात आले. तरीही देवळाकडची पाखाडी चढताना आईला मध्येच बसावे लागते, दुपारनंतर तिच्या अंगात त्राण राहत नाही. नातेवाईक म्हणतात की तिने दुःख मनाला लावून घेतले आहे, बाकी काही नाही. हृदय खरोखर बरे झाले असेल, तर हा थकवा कशाचा? आणि आता गोळ्या बंद केल्या तर चालतील का?

उत्तर : फिजिशियन_रत्नागिरी

आपल्या आईंचा आकडा ३५ वरून ६० वर आला, ही निश्चितच चांगली गोष्ट आहे आणि या आजारात ती अपेक्षितही असते. दुःख, भीती, किंवा शस्त्रक्रिया, दमा, पक्षाघात यांसारखा शारीरिक ताण यांमुळे ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांची लाट उसळते आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो. पण हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटून जसा स्नायूचा भाग मरतो, तसा तो येथे सहसा मरत नाही, म्हणूनच बहुतेक रुग्णांत आकुंचन काही दिवसांत ते काही आठवड्यांत परत येते. या आजाराच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतील १७५० रुग्णांचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी बहुसंख्य आपल्या आईंप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या होत्या.

मात्र इजेक्शन फ्रॅक्शन हा आकडा एवढेच सांगतो की प्रत्येक ठोक्याला कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, आणि तेही रुग्ण पलंगावर स्वस्थ पडलेला असताना. पाखाडी चढताना हृदयाला किती जोर काढता येतो, हे त्यातून कळत नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या संशोधकांनी आजाराला वर्षाहून अधिक काळ लोटलेल्या रुग्णांची तपासणी करून २०१८ साली जे निष्कर्ष मांडले, ते या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत : इजेक्शन फ्रॅक्शन पूर्ववत झालेले असूनही अनेकांची श्रम करण्याची क्षमता कमी होती, स्नायूच्या आकुंचनात सूक्ष्म दोष होते आणि स्नायूतील ऊर्जेची देवघेवही मंदावलेली होती. त्यामुळे आईंच्या थकव्याला केवळ मनाचे दुखणे म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

अर्थात थकव्याची इतर कारणेही तपासून घ्यावीत. हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोडियम आणि पोटॅशियम पाहावे. बीटा ब्लॉकर (नाडी आणि रक्तदाब कमी करणारी गोळी) सुरू असल्यास नाडी फार मंद होत नाही ना आणि उभे राहताना रक्तदाब उतरत नाही ना, हे मोजावे. लघवी वाढवणारी गोळी असल्यास तिची गरज अजून आहे का, हे विचारावे. पुढच्या इकोच्या वेळी स्ट्रेनची (स्नायू आकुंचताना किती आखडतो याची) मोजणी होऊ शकेल का, हेही जरूर विचारा. भाऊ गेल्याचे दुःख नैराश्याकडे झुकत असेल, तर त्यावरही उपचार व्हायला हवेत. पण ते हृदयाच्या तपासणीच्या बरोबरीने, तिच्याऐवजी नव्हे.

गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम थांबवल्यास नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात. वर सांगितलेल्या २०१५ च्या अहवालात एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी (रक्तदाबाच्या गोळ्यांचे दोन प्रकार) घेणाऱ्यांचे वर्षभरानंतर जगण्याचे प्रमाण अधिक आढळले, बीटा ब्लॉकरचा तसा लाभ दिसला नाही; म्हणून कोणती गोळी किती काळ घ्यायची, याचा निर्णय आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच व्हावा.

उत्तर : गुहागरची_काकू

ताई, मला हाच आजार झाला होता, तोही कुठल्याही दुःखाशिवाय, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर. रिपोर्ट चांगले आले, तेव्हा घरच्यांनी मला बरी धरले आणि मीही विहिरीचे पाणी ओढण्यापासून सगळी कामे एकदम अंगावर घेतली, पण ती झेपली नाहीत. पुढे डॉक्टरांच्या संमतीने मी ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवर सपाटीने चालू लागले, आणि चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवला. चढण कितीतरी नंतर घेतली. आईंना चतुर्थीच्या कामांत उभे राहून मोदक वळायला लावू नका. बसून जमेल तेवढे त्यांना करू द्या, कारण काहीच करू न देणे हेही माणसाला खचवते.

कलमबाग_देवगड

दोघांचेही मनापासून आभार. आईला रक्त पातळ करणारी गोळीही सुरू आहे. रक्तवाहिन्या मोकळ्या असताना ती कशासाठी? आणि हा आजार पुन्हा होतो का?

फिजिशियन_रत्नागिरी

टोक हालत नसते, तेव्हा तेथे रक्त साचून गुठळी होण्याचा आणि ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. गोळी त्यासाठीच दिली असेल, तर टोक नीट हालू लागल्याचे आणि गुठळी नसल्याचे इकोत दिसल्यावर ती बहुधा थांबवता येते. पहिल्या इकोच्या अहवालात गुठळीचा उल्लेख आहे का, तेवढे पाहून घ्या.

आजार पुन्हा होऊ शकतो, पण दर वर्षी साधारण शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णालाच. सर्दीसाठी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काहींचा परिणाम ॲड्रेनलिनसारखा असतो. आणि छातीत पुन्हा कळ आली, तर तो जुनाच आजार असेल असे गृहीत धरून घरी थांबू नका. खरा झटका आणि ताकोत्सुबो यांतील फरक लक्षणांवरून कोणालाच सांगता येत नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) तातडीने करून घ्यावे लागते. आपल्या गावापासून घाट ओलांडायला वेळ लागतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी आणि अँजिओग्राफीचा अहवाल एकाच पिशवीत तयार ठेवा.