'निष्काळजी' न वाटता 'कशाचंच टेन्शन न घेणारा माणूस' कसं लिहायचं?

शाईदौत:
आमच्या शाळेतले गणिताचे सर या महिन्याअखेर रिटायर होतायत, सेवापूर्तीचा छोटा अंक काढतोय आणि त्यांच्यावरचा लेख माझ्याकडे आलाय. माणूस असा की शर्टाची बटणं वरखाली, चप्पल कुणाची घातलीय याचा पत्ता नाही, उसने दिलेले पैसे परत मागायचं डोक्यातच येत नाही, कुणी उशिरा आलं तरी 'असू दे, बसा निवांत' एवढंच, पण फळ्यावरचं गणित मात्र एक पायरी गाळून कधी सोडवलं नाही. मी 'बिनधास्त' लिहिलं तर मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या तो शब्द कॉलेजच्या पोरांना शोभतो, मग 'बेफिकीर' केलं तर अजूनच वाईट वाटायला लागलं. उनाडपणा नको, आळस तर नकोच. कुठला शब्द बसेल?

मोकळंरान:
बाई बरोबर बोलल्या, बिन अधिक धास्त, म्हणजे त्यात मुळात भीती नसणं आहे आणि तुमच्या सरांचा विषय भीतीचा नाहीच. मी तर आधी हे बघतो की लक्ष नसल्याचा त्रास होतो कुणाला. कुणालाच नाही किंवा फार तर त्याचा त्यालाच, तर मग अघळपघळ, मोकळाढाकळा. नुसतं दिसण्यापुरतं असेल तर गबाळा, अजागळ, पण हे दोन्ही छापू नका, 'गबाळा' घरात आई मायेनं म्हणते तेवढंच ठीक, कागदावर आला की 'हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही' यातला गबाळा लगेच आठवतो. कामाचंच नुकसान होत असेल तर ढिसाळ, भोंगळ, गलथान, आणि गलथान तर हल्ली माणसापेक्षा कारभारालाच जास्त लागतो. वेंधळा आणि धांदरट वेगळे, तिथे माणसाला सगळं नीट सांभाळायचं असतं पण घाईत सुटून जातं, तुमचे सर घाईत नसतातच. मी अघळपघळ घेईन. फक्त बोलण्याला लावला तर तोच शब्द पाल्हाळाकडे जातो, म्हणून 'वागायला अघळपघळ' असं लिहा.

मांडवीकाठ:
आमच्याकडे यासाठी 'सुशेगाद' आहे, पोर्तुगीजमधल्या शांत, स्वस्थ अशा अर्थाच्या शब्दावरून कोंकणीत आला, १५१० ते १९६१ एवढा काळ पोर्तुगीज इथे गोव्यात होते त्यामुळे असे कितीतरी शब्द राहिले. पण हात जोडून सांगते, त्याचा अर्थ आळशी असा करू नका, गोव्याबाहेर सगळे तोच करतात आणि फार लागतं मनाला. आमचा पदेर मध्यरात्रीनंतर भट्टीपाशी असतो, उजाडायच्या आत सायकलीवर भोंगा वाजवत पाव घेऊन दारात येतो, आणि मग दुपारी जेवून आडवा होतो, त्या दुपारच्या माणसाला सुशेगाद म्हणतात. काम झालंय, मन जागेवर आहे, धावायची गरज नाही. तुमच्या सरांना अगदी फिट्ट बसतो पण अंक कुठला आहे त्यावर आहे, तुमच्या भागातल्या वाचकांना समजावून सांगावा लागला तर मजा जाईल.

रंकाळ्यावरचा:
कोल्हापूरकडं याला वेगळा शब्दच नाही, 'चालतंय की' म्हणणारा माणूस असं लिहा, सगळ्यांना कळतंय.

शाईदौत:
सगळ्यांचे आभार, 'वागायला अघळपघळ' जवळजवळ पक्कं करतोय. अजून दोन गोष्टी. एका सहकाऱ्यांना 'साधेभोळे' पाहिजे, आणि दुसऱ्यांनी त्यांच्या लेखात 'सरांचं व्यवहारातलं सगळं अंदाजपंचे' असं लिहून दिलंय. आणि ऑफिसकडून आलेल्या परिचयात 'घरगुती बाबींत हयगय करणारे' असं वाक्य आहे, ते ठेवू का?

जुनादप्तरी:
हयगय ताबडतोब काढा. मी आयुष्यभर कचेरीत काम केलं, हयगय, हलगर्जी, कुचराई, कसूर हे शब्द आमच्याकडे नोटिशीतच यायचे, 'कर्तव्यात कसूर केल्याबद्दल खुलासा सादर करावा' अशी सुरुवात झाली की माणसाची झोप उडायची. अपघाताच्या फिर्यादीत अजूनही 'हयगयीने व निष्काळजीपणाने वाहन चालवून' असंच असतं, निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं कलम पूर्वी ३०४ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १०६ झालं, पण वाक्य तेच राहिलं. दिरंगाईचंही तसंच, २००५ च्या कायद्याला सगळे दप्तरदिरंगाईचा कायदाच म्हणतात, त्यात फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर ठेवता येत नाही. ज्या माणसानं एक पायरी गाळली नाही त्याच्या गौरव अंकात यातला एकही शब्द नको, घरच्या बाबतीत म्हणूनसुद्धा नको.

पाढेवाली:
साधे लिहा, भोळे नको. साधा माणूस स्वतःच्या गरजा कमी ठेवतो, भोळ्याला लोक फसवतात, भाबडा त्याच्याही पुढचा. सर पैसे मागत नाहीत ते कळत नाही म्हणून की मागावेसे वाटत नाहीत म्हणून? तुमच्या लिहिण्यावरून मला तरी दुसरंच वाटतं.

अंदाजपंचे मात्र त्या दुसऱ्या सहकाऱ्यांच्या लेखात ठेवाच, आणि पुरता ठेवा, 'अंदाजपंचे दाहोदरसे'. हा वाक्प्रचार पाढ्यांच्या चालीवरचा आहे, बावीस पंचे दाहोदरसे म्हणजे बावीस गुणिले पाच एकशेदहा, त्यातल्या बावीसच्या जागी नुसता अंदाज बसवलाय आणि उत्तर मात्र तेवढ्याच ठसक्यात. गणिताच्या सरांना हे सगळ्यांच्या आधी कळेल. फक्त सहकाऱ्यांना सांगा की वाक्य वाणसामान, प्रवास, उसनवारी अशा ठिकाणी ठेवा, वर्गातल्या कामाजवळ आलं तर वाचणाऱ्याला वाटेल मार्कही तसेच द्यायचे.