मदत हवी आहे: बूट घेतले, पाय निघत नाहीत

नमस्कार मंडळी. वय 43, राहायला गोव्यात फोंड्याला, नोकरी कुंडईला कंपनीच्या हिशेब खात्यात. मार्चमध्ये रक्त तपासलं तेव्हा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) 6.1 आलं. 6.5 पासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास भराभर चाला, आठवड्यातून पाच दिवस. मान डोलावली, येताना बूटही घेतले.

ते गेल्या रविवारी खोक्यातून काढले. आतला कागद तसाच, नाड्या ओवायच्या राहिलेल्या आणि टाचेवर पांढरी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीचं नवल नाही, पण एकदाही न घातलेल्या बुटांना यावी?

साडेपाचचा गजर बंद करून मी पडून राहतो. झोप लागत नाही, नुसता पडून राहतो. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचं पों-पों ऐकू आलं की मात्र ताडकन उठून फाटकापर्यंत धावतो. म्हणजे उठता येत नाही असं नाही.

घोडं अडतं ते हिशेबात. सोमवार चुकला की मनात 30 मिनिटं थकबाकी पडते. बुधवारपर्यंत 90. गुरुवारी उठून दोन तास कोण चालणार? मग 'आता सोमवारपासून'. असे बावीस सोमवार झालेत.

एकदा सुरुवात केली होती. एप्रिलमध्ये, नवे बूट खराब नकोत म्हणून चपला घालून, फर्मागुढीच्या चढाने. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाने स्कूटर थांबवली. "खंय चल्ला रे? बस फाटल्यान!" (कुठे निघालास? मागे बस!) उगाच चालतोय, हे सांगायला जीभ रेटेना. बसलो. गोपाळ गणपतीच्या देवळाकडे उतरलो, नमस्कार केला आणि कदंबच्या बसने घरी आलो. ते शेवटचं.

जिम सुचवू नका, एका जिमचे तीन महिन्यांचे पैसे बुडवून झालेत (चूक माझीच). गजर लांब ठेवा, हेही नको. तुमच्यापैकी कुणी असं अडून मग सुटलं असेल, तर पहिले पंधरा दिवस नेमकं काय केलंत ते सांगा.

प्रतिसाद (मडगावहून)

आधी ती थकबाकी माफ करून टाका, चाललेलं तेवढंच लिहा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते खरी, पण ती निदान दहा-दहा मिनिटांच्या सलग तुकड्यांत हवीत ही अट तिनेच 2020 मध्ये काढली. पाच मिनिटंही जमेत धरतात.

आणि पहाटेचा हट्ट कशाला? तुमची भानगड साखरेची आहे. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, जेवणानंतरची तिची उसळी कमी होते. मी पंधरा दिवस एकच केलं: रात्री शीत-कडी जेवून हात धुतले की सोफ्याकडे न बघता थेट दाराबाहेर. दहा मिनिटं. एकदा बसलं की संपलं, हे मात्र लक्षात ठेवा. साखरेचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद

बूट घाला हो! चपलेतला माणूस कामाला निघालेला दिसतो, म्हणून लोक लिफ्ट देतात. बूट पाहून कुणी थांबत नाही, हा माझा म्हापशातला अनुभव.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. औषध चालू नाही. बूट पुसून, मिळालं तेवढं ऊन दाखवून काल रात्री घातले. वाड्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो, नऊ मिनिटं. टोकाला तीन कुत्री बसलेली असतात, म्हणून तिथूनच परतलो. दहावं मिनिट बाकी धरलेलं नाही.

कुत्र्यांवर कुणाकडे काही उपाय आहे का?